मैदानातल्या मैफली: तिकिटं हवी तेवढी, बाहेर पडायची वाट एकच

मुरकी

गेल्या आठवड्यात पुण्याजवळच्या एका लॉनवर गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमाला गेले होते. आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण मला एका आयोजकाबद्दल बोलायचं नाहीये. थोड्याफार फरकाने हे सगळीकडे चाललंय आणि आपण सोसतोय. गाणं सुंदर झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

तिकिटावर प्रवेशाची वेळ पाचची. गेट उघडलं सहा वाजून गेल्यावर. तोवर सगळे रस्त्यावर. रांगेला दोर नाही, कठडा नाही, सांगायला माणूस नाही. रांग कधी मोडली आणि घोळका कधी झाला ते कळलंच नाही. दारात पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. आत पाणी एकाच स्टॉलवर, तेही आधी दुसऱ्या रांगेत उभं राहून कूपन घेतल्यावर. महाग आणि साध्या तिकिटांच्या भागांमधले बॅरिकेड पहिल्या काही गाण्यांतच आडवे झाले. तिथे अडवायला कुणी नव्हतं, बाउन्सर सगळे पाहुण्यांच्या सोफ्यांपाशी.

खरी भीती वाटली ती संपल्यावर. आत यायचं जे गेट, तेच बाहेर जायचं. त्याच गेटासमोर पार्किंगमधून निघालेल्या गाड्या अडकलेल्या. पुढचे थांबले, मागच्यांना ते कळायला मार्ग नाही, मागून लोक येतच राहिले. मला हात वर काढता येत नव्हते. शेजारच्या बाईंच्या कडेवर लहान मूल होतं. लोकांनी ते डोक्यावरून हातोहात कुंपणापर्यंत नेलं आणि पलीकडच्या एका मुलाने उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे फोटो, 'अविस्मरणीय संध्याकाळ'. कुणी दगावलं नाही एवढ्यावर कार्यक्रम यशस्वी ठरतो का?

आणि आपण प्रेक्षक. मागे ऑफिसच्या गप्पा मोठ्या आवाजात, पुढे सतत उंच धरलेले मोबाईल, पायाखाली अर्धे भरलेले ग्लास, बाहेर पडताना 'चला ना पुढे' म्हणत रेटा देणारे. रेटा देणाऱ्याला पुढे काय होतंय याची कल्पनाच नसते, याची मला जास्त धास्ती वाटते.

तुमचे अनुभव लिहा. काय करता येईल तेही लिहा.

गवताची पात

बाप रे. मूल सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. आमच्याकडे नाशकातही हेच, फक्त लॉन छोटं.

पेठकर

मुरकी, प्रेक्षकांच्या वागण्याचा तुमचा दुसरा मुद्दा मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. मी सवाई गंधर्व महोत्सवाला रमणबागेत रात्र-रात्र बसलेला माणूस आहे. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केलेला हा महोत्सव २०१८ पासून मुकुंदनगरला भरतो. तिथे हजारो माणसं भारतीय बैठकीत बसतात. बसलेल्या माणसांत चेंगराचेंगरी सहसा होत नाही, म्हणून तिथे जिवाची भीती मला कधी वाटली नाही.

पण ऐकण्याची शिस्त? तानपुरे लागत असताना गप्पा. विलंबित चालू असताना समोरून वाकत वाकत स्टॉलकडे जाणं आणि वड्याचा कागद कुरकुरत परत येणं. सकाळीच सतरंजी टाकून दहा जणांची जागा धरायची आणि त्यातले सहा जण शेवटच्या कलाकारापुरते यायचे. गायक भैरवीला आला की अर्धं मैदान चपला शोधत उभं राहतं. हे कुठल्याही आयोजकाच्या माथी मारता येणार नाही. ही आपली वागणूक आहे आणि ती बदलायला एक पैसाही लागत नाही.

निळीछत्री

पेठकर काका, तुमच्या म्हणण्याचा आदर आहे, पण सगळ्या मैफलींना एकच मापदंड लावू नका. मी रॉकच्या आणि इंडीच्या (स्वतंत्र कलाकारांच्या) कार्यक्रमांना जाते. पुण्यात २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून आमच्या पिढीने उभं राहून, नाचत, कलाकारासोबत ओरडून गाणं ऐकलंय. तिथे गप्प बसणं म्हणजे कलाकाराला दाद न देणं. उड्या मारणारा प्रेक्षक बेशिस्त नसतो. उड्या मारताना शेजारची पडली आणि आजूबाजूच्यांनी लगेच गोल करून तिला उठवलं, असं मी अनेकदा पाहिलंय. तीही शिस्तच आहे, आणि ती कुणीही शिकवलेली नाही.

मोबाईलबद्दल मात्र सहमत. एक-दोन गाणी चित्रित करा, मग ठेवून द्या. मागच्याला दोन तास तुमच्या स्क्रीनमधून स्टेज बघावं लागतं.

ट्रसवाला

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, कारण हा धागा माझ्या पोटापाण्याचा आहे. स्टेज, ट्रस (दिवे-स्पीकर टांगायचा धातूचा सांगाडा), साउंड, लाइट ही आमची कामं. महाराष्ट्रातली बहुतेक मोठी मैदानं पायाखालून गेली आहेत. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट: मैदानात किती माणसं आहेत हे कार्यक्रमाच्या रात्री बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं. विकलेल्या तिकिटांचा आकडा असतो. पासांचा नसतो. प्रायोजकांचे पास, जागामालकाचे पास, स्थानिक पुढाऱ्यांचे पास, खाण्याच्या स्टॉलवाल्यांची माणसं, आमच्यासारखा क्रू. पास स्कॅन होत नाहीत, पास दाखवून माणसं आत जातात, एका पासावर चौघं जातात.

दुसरी गोष्ट जागेची. समजा पाच एकराचं लॉन आहे, म्हणजे वीस हजार चौरस मीटर. त्यातून स्टेज, स्टेजमागचा भाग, कन्सोल (जिथून आवाज आणि दिवे सांभाळतात ते टेबल), स्टॉल, सोफे, जनरेटर काढा. उभं राहायला निम्मी जागा उरली तर नशीब. दहा हजार चौरस मीटरमध्ये वीस हजार माणसं म्हणजे मीटरला दोन. कागदावर छान दिसतं. पण माणसं सारखी पसरत नाहीत. मागे मोकळं आणि स्टेजपुढे मीटरला पाच-सहा, असं होतं.

पुढे का सरकतात? हे कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. पुष्कळदा मागे नीट ऐकू येत नाही म्हणून. मैदान खोल असेल तर मध्ये डिले टॉवर लावावे लागतात, म्हणजे मागच्यांसाठी वेगळे स्पीकर, आवाज जुळवून थोडा उशिरा सोडलेले. मागे एलईडी पडदा लागतो. खर्च कापायची वेळ आली की सगळ्यात आधी हेच कापतात. मग मागचा माणूस पुढे येणारच. त्याने तिकीट घेतलंय, त्याला ऐकायचंय. त्याला बेशिस्त म्हणण्याआधी त्याच्या जागी उभं राहून बघा.

तिसरी गोष्ट बॅरिकेड. स्टेजपुढे लागतात ते मोजो: खाली पत्र्याचा पाट असतो, गर्दी स्वतः त्या पाटावर उभी राहते, त्यामुळे तिच्याच वजनाने कठडा जागेवर राहतो. आपल्याकडे भाडं वाचवायला रस्त्यावरचे पोलिसी लोखंडी बॅरिकेड दोरीने बांधून लावतात. रेटा आला की ते आडवे होतात, आणि मग त्यांच्या पायांत आणि गजांत माणसांचे पाय अडकतात. मुरकी, तुमच्याकडे आडवे झाले ते हेच असणार.

चौथी गेटची. प्रत्येक माणसाची झडती आणि स्कॅन मिळून दहा सेकंद धरा, म्हणजे एका लेनमधून तासाला ३६० माणसं. वीस हजार माणसं दोन तासांत आत घ्यायची तर २८ लेन हव्यात. आपल्याकडे सहा-आठ असतात आणि त्यात बायकांच्या झडतीला दोन. उशिरा उघडलेलं गेट आणि कमी लेन यांची बेरीज झाली की मग 'सोडा, सोडा, तपासू नका' असा हुकूम येतो, आणि तिथून पुढे मोजणी संपली.

बाहेर पडण्याचं गणितही तितकंच साधं. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं जातात, स्टेडियमसाठीच्या ब्रिटिश मार्गदर्शिकेत ८२ धरलेली आहेत. तीन मीटरचं एकच गेट असेल तर वीस हजारांना ८० मिनिटांच्या वर लागतील, तेही कुणी थांबलं नाही तर. आपत्कालीन दारं नकाशावर असतात. पण मी स्वतः त्या दारांपुढे जनरेटरच्या गाड्या आणि बर्फाचे टेम्पो लागलेले पाहिले आहेत. तिथे सावली असते, रस्ता जवळ असतो, आणि हटवायला कुणाचीच नेमणूक नसते.

मुरकी

ट्रसवाला, फार फार आभार. बॅरिकेड तेच होते, पिवळे, चाकांचे. डिले टॉवर हा शब्द पहिल्यांदा ऐकला, पण मागे आवाज फाटत होता हे खरं. आम्हीही त्याचमुळे पुढे गेलो.

शल्य

मी डॉक्टर आहे. 'चेंगराचेंगरी' म्हटलं की लोक पळाले, कुणीतरी पडलं आणि तुडवलं गेलं असं चित्र डोळ्यांपुढे येतं. अशा अनेक घटनांत माणसं उभ्या-उभ्या मरतात. छातीवर दोन्ही बाजूंनी दाब येतो, बरगड्या फुलायला जागा राहत नाही, श्वास आत घेता येत नाही. हाडं मोडतीलच असं नाही. काही मिनिटांत शुद्ध जाते. बाजूच्याला वाटतं माणूस नुसता टेकलाय.

चौरस मीटरला चार-पाच माणसं झाली की धोका सुरू होतो. सहा-सातच्या पुढे माणसाचं स्वतःच्या शरीरावर नियंत्रण राहत नाही, गर्दी पाण्यासारखी हलते, एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोचतो. मुरकी, तुम्हाला हात वर काढता येत नव्हते म्हणजे तुम्ही त्या हद्दीत होतात.

५ नोव्हेंबर २०२१ ला अमेरिकेत ह्यूस्टनला ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात हेच झालं. सुमारे पन्नास हजारांची गर्दी, १० जण गेले, त्यांतला सगळ्यात लहान नऊ वर्षांचा. मृत्यूचं कारण हेच, दाबामुळे गुदमरणं. पुढे लोक कोसळत असताना कार्यक्रम चालू होता. अधिकाऱ्यांनी मोठी दुर्घटना जाहीर केल्यावरही सुमारे अर्धा तास गाणं थांबलं नाही. त्याआधी ३० जून २००० ला डेन्मार्कमध्ये रोस्किल्डला पर्ल जॅम या बँडच्या वेळी ९ तरुण स्टेजपुढे गेले. त्या महोत्सवाने नंतर स्टेजपुढचा भाग कठड्यांनी कप्प्यांत विभागला आणि ठरावीक माणसंच आत सोडायला सुरुवात केली. एवढ्या मृत्यूंनंतर का होईना, शिकले.

सापडलातच तर काय करायचं ते लिहितो, कारण हे घरोघरी माहीत हवं. दोन्ही हात छातीसमोर मुठी करून धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. पाय थोडे फाकवून उभे राहा. पाठीवरची सॅक पुढे घ्या. ओरडण्यात हवा घालवू नका. रेट्याच्या विरुद्ध दिशेने जोर लावू नका, लाट थांबली की तिरकं, कडेकडे सरका. भिंत, कठडा, खांब यांना टेकून राहू नका. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, मोबाईल असला तरी. मुलांना कडेवर उंच घ्या.

आणि ही वेळ येण्याआधी: खांद्याला चारही बाजूंनी माणसं लागायला लागली की तेव्हाच मागे फिरा. गाणं कितीही आवडीचं असो.

साधासुधा

डॉक्टर, हा प्रतिसाद कॉपी करून घरच्या ग्रुपवर टाकतोय. परवानगी गृहीत धरतो.

शल्य

अवश्य.

मरीना

मी चेन्नईत नोकरीला आहे. १० सप्टेंबर २०२३ ला इथे ईस्ट कोस्ट रोडवर ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम झाला. त्या दिवशी मी गेलो नव्हतो, पण पुढचा आठवडाभर शहरात दुसरा विषय नव्हता. महागडी तिकिटं हातात असूनही असंख्य लोकांना आत शिरताच आलं नाही. आत गेलेल्यांत मुलांची ताटातूट झाली, बायकांनी अंगचटीला येण्याच्या तक्रारी केल्या, रस्ता कित्येक तास तुंबला. मूळ कार्यक्रम ऑगस्टमध्ये होता, पावसामुळे पुढे ढकललेला. ज्यांना आत जाता आलं नाही त्यांनी तिकिटाची प्रत पाठवावी, असं रहमान यांनी स्वतः जाहीर केलं आणि पैसे परत देण्याची व्यवस्था झाली. एवढ्या मोठ्या कलाकाराच्या नावावरही असं होऊ शकतं, तर छोट्या आयोजकांकडून काय अपेक्षा ठेवायची?

केरळमध्ये त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात चार जण गेले. खुल्या प्रेक्षागृहात गाण्याचा कार्यक्रम होता, बाहेर थांबलेले लोक पाऊस आल्यावर एकदम आत घुसले आणि दारातून उतरणाऱ्या पायऱ्यांवर पडले. पाऊस आला तर लोक कुठे जातील, एवढा एक प्रश्न कुणीतरी आधी विचारायला हवा होता.

अबोली

अंगचटीचा विषय निघालाच आहे तर लिहिते. आम्ही मैत्रिणी उभ्या राहून ऐकायच्या कार्यक्रमांना जाताना आता कडेला उभ्या राहतो, चांगली तिकिटं असली तरी. गर्दी घट्ट झाली की त्यात हात कुणाचा हे कळत नाही, आणि कळलं तरी सांगायचं कुणाला? बाउन्सर बहुतेक पुरुष. 'मॅडम, गर्दी आहे, होतं' हे उत्तर मी स्वतः ऐकलंय. बायकांच्या झडतीपुरत्या नेमलेल्या महिला रक्षक कार्यक्रम सुरू झाला की दिसेनाशा होतात. त्यांना जॅकेट घालून प्रेक्षकांत ठरावीक जागी उभं करा आणि त्या जागा सुरुवातीलाच स्टेजवरून सांगा. ज्याने असं केलं त्याला बाहेर काढताना आजूबाजूच्यांना दिसू द्या.

निळीछत्री, तू म्हणतेस ती गोल करून उठवणारी गर्दी मीही पाहिली आहे. त्याच गर्दीत दुसरी माणसंही असतात.

निळीछत्री

अबोली, शंभर टक्के मान्य. ती बाजू मी लिहायला हवी होती.

फडकेरोड

तिकीट नसलेल्या कार्यक्रमांचं काय? आमच्या डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर सगळं गाव लोटतं, ठाण्यात राम मारुती रोड आणि तलावपाळीला तेच. नटूनथटून मित्रांना भेटायचं, गाणी ऐकायची, ही फार सुंदर प्रथा आहे आणि ती टिकावी असं मनापासून वाटतं. पण तिथे गेट नाही, मोजणी नाही. अलीकडे एकाच रस्त्यावर थोड्या-थोड्या अंतराने वेगवेगळ्या मंडळांची आणि पुढाऱ्यांची स्टेज असतात. एका बाजूला भावगीत, दुसऱ्या बाजूला डीजे, दोन्ही गर्दींची तोंडं एकमेकांकडे. त्या चिमटीत आजी-आजोबा सापडतात. माझी आई आता जात नाही. रस्त्याची एक बाजू जाण्याची आणि एक येण्याची, गणपती मंदिरापासून पुढे एकाच दिशेने चालायचं, आणि एका टप्प्यात एकच स्टेज, एवढं ठरवता येणार नाही का? नवरात्रात देवळांच्या रांगा आपण लावतोच की.

चाकाची खुर्ची

आई व्हीलचेअरवर असते. तिला गाण्याचं वेड. आयोजकांना आधी फोन केला तर 'या, या, सोय आहे' म्हणतात. सोय म्हणजे दोन बाउन्सर खुर्ची उचलून नेतात आणि सोफ्यांच्या कडेला ठेवतात. समोरचे उभे राहिले की तिला फक्त पाठी दिसतात. संपल्यावर उचलणारे कुठेही नसतात. उंच चौथरा, त्याला उतार, आणि गर्दी सुटण्याआधी दहा मिनिटं निघण्याची वेगळी वाट, एवढंच मागणं आहे. मातीवर हिरवा गालिचा अंथरतात त्यात चाकं रुततात, ते तर कुणाच्या लक्षातच येत नाही.

खाकी घर

वडील पोलिसांत होते, भाऊ आहे. त्यांची बाजू मांडतो. परवानगीच्या अर्जावर अपेक्षित संख्या आयोजक लिहितो. बंदोबस्त त्या संख्येवर ठरतो. प्रत्यक्षात दुप्पट माणसं आली की रस्ता सांभाळायचा की मैदान, असा प्रश्न उभा राहतो, आणि बहुतेक वेळा सगळे रस्त्यावर लागतात कारण रुग्णवाहिका अडकली तर उत्तर पोलिसांना द्यावं लागतं.

वेळेबद्दलही बोलू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंतची सवलत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कार्यक्रम दीड तास उशिरा सुरू करतात आणि १० वाजता शेवटची तीन गाणी बाकी असतात. ३० एप्रिल २०२३ ला पुण्यात राजा बहादूर मिलच्या आवारात रहमान यांचाच कार्यक्रम पोलिसांनी १० नंतर स्टेजवर जाऊन बंद करायला लावला. पोलिसांवर खूप टीका झाली. नियम मात्र स्पष्ट होता.

ट्रसवाला

खाकी घर, नियम बरोबर आहे. पण आवाज असा तोडला की सगळेच्या सगळे त्याच मिनिटाला गेटकडे वळतात, आणि चिडलेले असतात. आमच्या दृष्टीने ती रात्रीची सगळ्यात धोक्याची वेळ. बरं नियोजन असतं तिथे मुख्य कलाकार साडेनऊला संपवतो, मग हळू आवाजात नुसतं वादन चालू ठेवतात, मैदानातले दिवे पूर्ण लावतात, खाण्याचे स्टॉल अर्धा तास उघडे ठेवतात. लोक आपोआप टप्प्याटप्प्याने निघतात. यात फारसा खर्च नाही.

आणि माहिती द्या हो लोकांना. २८ ऑक्टोबर २०११ ला गुडगावला मेटॅलिका या रॉक बँडचा कार्यक्रम व्हायचा होता. स्टेजपुढच्या बॅरिकेडची अडचण झाली, लोक तासन् तास ताटकळले, मग उद्यावर ढकलल्याचं सांगितलं, शेवटी रद्द. लोकांनी स्टेजची मोडतोड केली. मोडतोड वाईटच, ती आमच्यासारख्यांच्या सामानाची होते. पण दर पंधरा मिनिटांनी खरं काय ते माइकवरून सांगितलं तर लोक पुष्कळ थांबतात, हे मी पाहत आलोय.

पेठकर

ट्रसवाला, तुमचे प्रतिसाद वाचून बरंच नवीन कळलं. मागे ऐकू येत नाही म्हणून माणूस पुढे सरकतो, हा मुद्दा मला पटला. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिलजीत दोसांझ यांचे कार्यक्रम झाले. त्यानंतर धावपट्टीवर पडलेल्या बाटल्या आणि कचरा बघून तिथे सराव करणाऱ्या खेळाडूंनी जाहीर तक्रार केली. कचरापेट्या कमी असतील, मान्य. पण रिकामी बाटली हातात धरून दारापर्यंत चालता येतं. ज्या जागी दुसऱ्या दिवशी कुणीतरी पळणार आहे तिथे ती टाकवते कशी?

निळीछत्री

याला पूर्ण अनुमोदन. इथे पिढीचा प्रश्नच नाही.

ग्राहकपंच

तक्रारीच्या वाटेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिकीट घेतलं की तुम्ही ग्राहक आहात, आणि पैसे घेऊन ठरलेली सेवा न देणं ही सेवेतली त्रुटी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे नोंद करा, आयोजकाला लेखी कळवा, आणि दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कार्यक्रम कुठेही झालेला असो. तिकिटाचा फोटो, गेट उघडल्याची वेळ दिसेल असा फोटो, आडव्या झालेल्या बॅरिकेडचा फोटो ठेवा. मोबाईल उंच धरायचाच असेल तर यासाठी धरा.

मुरकी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी दोन गोष्टी केल्या. त्या आयोजकांना लेखी तक्रार पाठवली, फोटो जोडून, आणि १९१५ वरही नोंद केली.

दुसरं: जानेवारीत आमच्या भागात आणखी एक मैदानी कार्यक्रम जाहीर झालाय. तिकीट घेण्याआधी त्यांना हे प्रश्न पाठवतेय. एकूण किती माणसं आत घेणार, पास धरून? बाहेर पडायची दारं किती, कुठे, किती रुंद, आणि ती मोकळी ठेवायला कोणाची नेमणूक आहे? आत पिण्याचं पाणी फुकट आहे का आणि किती ठिकाणी? मागच्यांसाठी वेगळे स्पीकर आणि पडदा आहे का? महिला रक्षक प्रेक्षकांत कुठे उभ्या असतील? व्हीलचेअरसाठी चौथरा आणि वेगळी वाट आहे का? गर्दी दाटली तर कार्यक्रम थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे? इथल्या शंभरेक जणांनी हेच विचारलं तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल. काही राहिलं असेल तर सांगा, रविवारी पाठवते.

ट्रसवाला

शेवटच्या प्रश्नात थोडी भर घाला. नुसता अधिकार कोणाकडे हे विचारू नका. तो माणूस कार्यक्रमाच्या वेळी कुठे उभा असेल आणि कन्सोलशी त्याचा वॉकीटॉकीवर थेट संपर्क आहे का, हे विचारा. आवाज आम्ही कन्सोलवरून दोन सेकंदांत बंद करू शकतो, पण सांगणारा माणूस सोफ्यांपाशी पाहुण्यांसोबत असेल तर त्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही. आणि पार्किंगचं गेट पायी जाणाऱ्यांच्या गेटापासून वेगळं आहे का, तेही टाका. तुमच्याकडे गाड्या तिथेच अडल्या होत्या.

चाकाची खुर्ची

गालिच्याऐवजी प्लायवूडची वाट, हेही लिहा मुरकी. आणि पत्र पाठवलं की मजकूर इथे टाका, मीही माझ्या नावाने पाठवते.